‘१८५७चा मराठा शिपाई’ म्हणून विकायला आलेला फोटो: घ्यावा का, आणि संग्रहाची सुरुवात कुठून करावी?

प्रश्न थोडक्यात असा. पुण्याच्या जुन्या बाजारातल्या एका विक्रेत्याकडे जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला एका फौजी माणसाचा फोटो आहे. डोक्याला पागोटं, अंगात गडद कोट, छातीवर एक गोल पदक आणि त्याच्या शेजारी एक तारा, एक हात खुर्चीच्या पाठीवर. मागे मुंबई-पुण्याच्या एका स्टुडिओचं नाव छापलेलं आहे आणि त्याच्यावर शाईनं इंग्रजीत ‘मराठा शिपाई, १८५७’ असं लिहिलंय. विक्रेता १८ हजार मागतोय. प्रश्नकर्त्याला तीन गोष्टी हव्या आहेत: फोटो अस्सल आहे का, किंमत वाजवी आहे का, आणि एकोणिसाव्या शतकातल्या सैनिकांच्या फोटोंचा संग्रह इथून सुरू करावा का. जाता जाता, फोटो लॅमिनेट केला तर टिकेल का, हेही विचारलंय.

मी मुंबई इलाख्याच्या फौजेतल्या माणसांचे फोटो बरीच वर्षं जमवतो, त्यामुळे या प्रश्नावर थोडं लांबण लागणार आहे. चालवून घ्या.

‘अस्सल आहे का’ या एका प्रश्नात दोन प्रश्न दडलेले असतात. हातातली वस्तू खरंच जुनी आहे का, हा पहिला. तिच्याबद्दल सांगितली जाणारी हकिकत खरी आहे का, हा दुसरा. नव्या माणसाला भीती पहिल्याची वाटते आणि तो फसतो दुसऱ्यात. आपल्याकडे धडधडीत बनावट फोटो त्या मानानं कमी. फोटो खरा आणि त्याच्यावर चिकटवलेली कथा खोटी, हा प्रकार मात्र सर्रास चालतो, कारण कथेला खर्च काहीच नाही आणि किंमत चौपट होते. म्हणून मी नेहमी एकाच क्रमानं जातो: आधी कागद, मग पुठ्ठा, मग कपडे आणि पदकं, आणि सगळ्यात शेवटी मागचं हस्ताक्षर. विक्रेता नेमका उलट्या क्रमानं दाखवतो. आधी फोटो पालथा करून अक्षर वाचून दाखवतो, मग चेहरा.

तुमच्या बाबतीत पहिला निकाल तुम्हीच दिलेल्या मापावरून लागतो. पुठ्ठा साधारण साडेसहा इंच उंच आणि सव्वाचार इंच रुंद आहे, असं तुम्ही लिहिलंय. हे कॅबिनेट कार्ड. माणसांच्या फोटोंसाठी हा आकार १८६६ मध्ये इंग्लंडमध्ये आला आणि तिथून सगळीकडे पसरला. त्याआधी चलती होती ती कार्त-द-व्हिजिटची, म्हणजे साधारण अडीच बाय चार इंचांच्या छोट्या कार्डाची. त्याचं पेटंट पॅरिसच्या दिस्देरीनं १८५४ मध्ये घेतलं, पण लोकांना त्याचं वेड लागलं ते १८६० च्या आसपास. तेव्हा १८५७ साली काढून याच पुठ्ठ्यावर लावलेला फोटो, ही गोष्ट जुळत नाही. एक पळवाट राहते. जुन्या फोटोचा पुढे पुन्हा फोटो काढून नव्या पुठ्ठ्यावर लावलेला असू शकतो. आपल्याकडे घराघरांत हे झालेलं आहे. पण ही पळवाटही इथे टिकत नाही. त्याचं कारण छातीवरच्या ताऱ्यात आहे, त्याकडे येतो.

१८५७ च्या काळात इकडे फोटो निघतच नव्हते, असा मात्र याचा अर्थ नाही. बंगाल फौजेतला डॉक्टर जॉन मॅककॉश यानं १८४८-४९ च्या शीख युद्धाच्या वेळी आपल्या आसपासच्या माणसांचे फोटो काढले होते. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ ची. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला. भाऊ दाजींचे धाकटे भाऊ डॉ. नारायण दाजी, हरिश्चंद्र चिंतामण अशी आपली माणसं त्या काळात कॅमेऱ्यामागे उभी होती. फोटोग्राफर फेलिचे बिआतो १८५८ मध्ये लखनौला पोचला आणि त्यानं फौजी माणसांचेही फोटो घेतले. पण त्या काळच्या वस्तू दिसायलाच वेगळ्या असतात, फार थोड्या उरल्या आहेत, आणि त्या बहुतेक संग्रहालयांत किंवा मोठ्या लिलावांत भेटतात. बुधवारच्या बाजारात त्या निघणारच नाहीत असं मी म्हणणार नाही. पण कुणी ‘सत्तावन्नचा’ म्हणाला की आपण आपला हात खिशापासून लांब ठेवावा.

आता वस्तू जुनी आहे का, ते. याला प्रयोगशाळा लागत नाही. घड्याळजी वापरतात तसलं दहापटीचं भिंग आणि नोटा तपासायची जांभळ्या उजेडाची बॅटरी एवढ्यावर बरंच काम भागतं. भिंगातून चेहऱ्याचा आणि पार्श्वभूमीचा राखाडी भाग बघा. ओळीत मांडलेले ठिपके दिसले तर ते छापील चित्र, बहुधा एखाद्या पुस्तकातून कापलेलं. रंगीबेरंगी बारीक शिंतोडे दिसले तर घरच्या प्रिंटरवरचं. ठिपके नाहीत, रंग तपकिरी किंवा जांभळट तपकिरी, उजळ भाग पिवळसर झालेले, पृष्ठभागावर हलकी चकाकी, आणि भिंगाखाली कागदाचे तंतू दिसतात, असं असेल तर तो अल्ब्युमेन प्रिंट. अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेला हा पातळ कागद इतका गुंडाळतो की पुठ्ठ्यावर चिकटवल्याशिवाय गत्यंतर नसे. १८९० च्या दशकात जिलेटिनचे कागद वाढले. त्यांच्या गडद भागांत, विशेषतः कडांना, तिरक्या उजेडात चंदेरी-निळसर झाक दिसते. जांभळ्या उजेडात फोटो किंवा पुठ्ठा पांढरा-निळा झळाळला तर सावध व्हा. कागद उजळ करणारी रसायनं १९५० च्या आसपासपासून वापरात आली. फक्त चिकटवलेल्या जागीच झळाळी असेल तर ती नंतरच्या डिंकाची असू शकते. जुन्या रिकाम्या पुठ्ठ्यावर नवा प्रिंट चिकटवायची युक्ती चालते, म्हणून प्रिंटच्या चारही कडा बघाव्यात. जुना प्रिंट आणि जुना पुठ्ठा एकत्र म्हातारे झालेले असतात. डाग, पाण्याची रेघ, ओरखडा एकावरून दुसऱ्यावर सलग जातो.

तुम्ही कुठेतरी वाचलंय की बटणं उलट्या बाजूला दिसली तर फोटो अस्सल. हा सल्ला अमेरिकेतून आलाय आणि तिथे तो बरोबर आहे. तिकडच्या यादवी युद्धातल्या, म्हणजे १८६१ ते १८६५ मधल्या शिपायांचे फोटो मोठ्या प्रमाणावर टिनटाइप, म्हणजे लोखंडी पत्र्यावर थेट घेतलेले असत. त्यात निगेटिव्ह-प्रिंट अशी दुसरी पायरी नसल्यामुळे चित्र आरशातल्यासारखं उलटं येतं, कमरेच्या बकलावरची ‘यूएस’ ही अक्षरंसुद्धा उलटी. कागदी फोटोंच्या मागे कराचं तिकीट दिसलं तर तो सप्टेंबर १८६४ ते जुलै १८६६ मधला, हेही तिकडचंच गणित. लायब्ररी ऑफ काँग्रेसनं लिल्येनक्विस्ट कुटुंबानं दिलेला असा मोठा संग्रह इंटरनेटवर खुला केलाय. डोळा तयार करायला तो उत्तम आहे, अवश्य बघा. पण तुमच्या समोरचा फोटो कागदावरचा आहे. त्यात सगळं सुलटच दिसायला हवं: पदकं त्याच्या स्वतःच्या डाव्या छातीवर, तलवार डाव्या कमरेला. उलट दिसलं तर तिथे शंका घ्यायची.

पुठ्ठ्याकडे वळतो. १८६० च्या दशकातले पुठ्ठे पातळ, कोपरे चौकोनी, मागे स्टुडिओचं नाव साध्या टाइपात. पुढे कोपरे गोल झाले, पुठ्ठा जाड झाला, आणि १८८० च्या दशकात तिरक्या कापलेल्या सोनेरी कडा, गडद हिरवे-तांबडे रंग, मागे वेलबुट्टी, प्रदर्शनांत मिळालेली पदकं, लाटसाहेबांच्या आश्रयाचा उल्लेख, असा सगळा थाट आला. या छापील मजकुरात साल सापडतं. एखाद्या प्रदर्शनातल्या पदकाचं वर्ष छापलेलं असेल तर फोटो त्यानंतरचा. प्रिन्स ऑफ वेल्सची मेहेरनजर मिरवलेली असेल तर बहुतेक त्याच्या १८७५-७६ च्या दौऱ्यानंतरचा. राणीच्या नावापुढे सम्राज्ञी असेल तर १८७७ नंतरचा. तुमच्या पुठ्ठ्याला सोनेरी तिरकी कड आहे आणि मागे वेलबुट्टी भरगच्च आहे. मी तो १८८० च्या दशकात, फार तर १८९० च्या सुरुवातीला टाकेन. पण छोट्या गावांतले स्टुडिओ जुन्या पुठ्ठ्यांचा साठा संपेपर्यंत वापरत, म्हणून पुठ्ठ्यावरून पाच-सात वर्षांचं मागेपुढे धरायचं.

खरी गंमत पदकांत आहे, आणि त्यासाठी आधी रंगांचं एक कोडं सोडवावं लागतं. त्या काळच्या निगेटिव्हच्या काचांना निळा रंग फार लवकर दिसे, लाल जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळे लाल वस्तू काळपट येते आणि निळी फिकी, कधी पांढरट. इंग्रज शिपायांचे निळे डोळे या फोटोंत घाऱ्यासारखे दिसतात ते त्यामुळेच. विक्रेता तुम्हाला म्हणाला की काळा कोट म्हणजे रायफल पलटण. असं काही नाही. लाल कोटही असाच काळा येतो आणि रायफलवाल्यांचा गडद हिरवाही. कोटाच्या रंगावरून पलटण ओळखणं विसरून जा. गळपट्टी, बाह्यांची कड, बटणांची मांडणी, पागोट्याची बांधणी यांवरून काही हाती लागतं, तेही त्याच पलटणीचा खात्रीचा दुसरा फोटो शेजारी असेल तर.

हेच गणित फितींना लावा. १८५७ च्या उठावाच्या पदकाची फीत पांढरी, तिच्यावर दोन लाल पट्टे. फोटोत ती पांढऱ्यावर दोन ठसठशीत काळ्या रेघा अशी दिसायला हवी. तुम्ही पाठवलेला फोटो मोठा करून पाहिला. गोल पदकाची फीत फिकट आहे आणि तिच्यावर पट्टे आहेत, पण इतके पुसट की पहिल्या नजरेत सुटतात. निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची फीत अशीच दिसणार, आणि ती १८८२ च्या इजिप्त मोहिमेच्या पदकाची. शेजारच्या पाच टोकांच्या ताऱ्यामुळे हे पक्कं होत जातं. या काळात हिंदी फौजेतल्या माणसाच्या छातीवर असा काशाचा तारा प्रामुख्यानं दोन प्रकारचा. एक काबूल ते कंदाहार कूचाचा, १८८० चा, अफगाण सरदार अयूबखानाकडून जिंकलेल्या तोफांच्या धातूतून ओतलेला. तो मुकुटाला लटकतो, मध्ये राणीची नाममुद्रा असते आणि फीत इंद्रधनुष्यासारखी अनेकरंगी. दुसरा इजिप्तच्या खेदिवानं, म्हणजे तिथल्या राज्यकर्त्यानं दिलेला. तो चंद्र-ताऱ्याची खूण असलेल्या आडव्या पट्टीला लटकतो, मध्ये स्फिंक्स आणि पिरॅमिड, फीत एकरंगी गडद निळी. तुमच्या फोटोत ताऱ्याच्या डोक्यावर मुकुट नाही, आडवी पट्टी आहे, फीतही एकसारखी आणि अपेक्षेपेक्षा फिकी. माझ्या मते हा खेदिवाचा तारा. म्हणजे फोटो १८८२ नंतरचा, आणि सत्तावन्नची गोष्ट इथेच संपली.

आणि ती संपली हे तुमच्या फायद्याचं आहे. मुंबई फौजेची २९ वी पलटण, म्हणजे दुसरी बलुच, १८८२ मध्ये इजिप्तला होती. १८८५ मध्ये सुदानच्या किनाऱ्यावरच्या सुआकिनला २८ वी मुंबई पलटण गेली. २२ मार्च १८८५ रोजी टोफ्रेकला काटेरी कुंपण घालण्याचं काम चालू असताना अचानक हल्ला झाला, तेव्हा १५ व्या शीख पलटणीबरोबर ही २८ वी पाय रोवून उभी राहिली. बंगाल आणि मद्रास फौजेच्या तुकड्याही या दोन्ही मोहिमांत होत्या, म्हणून मुंबई-पुण्याचा स्टुडिओ आहे एवढ्यावर हा माणूस २८ वीचा किंवा २९ वीचा ठरत नाही. पण पदकं सहसा मोहिमेवरून परतल्यावर मिळत, आणि माणूस पदकं लावून फोटो काढतो तो छावणी असेल त्या गावात, त्यामुळे पारडं मुंबई फौजेकडे झुकतं. गोल पदकाच्या वर फितीवर एखादी आडवी धातूची पट्टी दिसते का, ते मूळ फोटोवर भिंगानं बघा. मोहिमेतल्या लढाईचं नाव तिच्यावर असतं. ‘टोफ्रेक’ची दोन-तीन अक्षरं जरी लागली तरी फोटोचं मोल बदलेल. मला स्क्रीनवर ती जागा सावलीत दिसते.

‘मराठा’ या शब्दाबद्दलही बोलायला हवं, कारण आज बाजारात सगळ्यात महाग विकला जाणारा शब्द तोच आहे. मुंबईच्या पायदळ पलटणींत कोकणातले आणि देशावरचे मराठे होते, महार मोठ्या संख्येनं होते, उत्तरेकडून आलेले, तेव्हा ‘परदेशी’ म्हटले जाणारे लोक होते, मुसलमान होते, आणि कुलाब्याकडचे मराठी बोलणारे बेने इस्रायलही होते. बेने इस्रायलांतले तर कित्येक सुभेदार-जमादार झाले. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ याच फौजेत सुभेदार होते. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला महारांची भरती बंद झाली, त्याआधीच्या एखाद्या सुभेदाराचा फोटो घेऊन कुणी ‘मराठा सरदार’ लिहून विकला तर तो इतिहासातून एका माणसाला पुसून टाकतो. एकाच पलटणीत सगळ्यांना एकच गणवेश, एकच पागोटं. चेहऱ्यावरून जात सांगणाऱ्या विक्रेत्याचं मी पुढचं काही ऐकत नाही. मग ओळख पटवायची कशी? नाव असेल तर. मागे कुठेतरी पेन्सिलीनं मोडीत दोन ओळी असतील तर विक्रेत्यानं त्या घाण समजून पुसण्याआधी त्यांचा फोटो घ्या. मोडी वाचणारे पुण्यात आणि कोल्हापुरात सहज भेटतात. नाव आणि पलटण मिळाली की जुन्या आर्मी लिस्ट चाळायच्या, त्यांत पलटणवार देशी अधिकाऱ्यांची नावं येतात. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतली इंडिया ऑफिसची दप्तरं आणि नॅशनल आर्मी म्युझियम ही त्यापुढची पायरी.

एक सामाजिक गोष्टही ध्यानात ठेवा. सत्तावन्नच्या सुमारास साध्या शिपायाचा पगार महिना ७ रुपये होता आणि पुढेही कित्येक वर्षं तो फारसा हलला नाही. स्टुडिओत जाऊन एकट्याचा मोठा फोटो काढणं त्याच्या आवाक्यातलं नव्हतं. त्यामुळे एकट्या देशी फौजी माणसाचा कॅबिनेट फोटो दिसला की बहुतेक वेळा तो सुभेदार किंवा जमादार असतो, किंवा गोऱ्या अधिकाऱ्यानं आपल्या अल्बमसाठी पदरचे पैसे घालून काढवून घेतलेला असतो. तुमच्या माणसाच्या कमरेचा पट्टा आणि तलवार पाहता ‘शिपाई’ हा शब्दही चुकीचा वाटतो. गळ्यात फितीला लटकणारा सोन्याचा तारा असता तर तो ऑर्डर ऑफ ब्रिटिश इंडिया, म्हणजे ‘सरदार बहादूर’ किंवा ‘बहादूर’ पदवीचा. तो इथे नाही.

तर आतापर्यंतचा हिशेब: कॅबिनेट कार्ड, १८८० चं दशक, इजिप्त किंवा सुआकिनला जाऊन आलेला देशी अधिकारी, बहुधा मुंबई फौजेतला, नाव माहीत नाही. ‘मराठा’ सिद्ध नाही आणि ‘१८५७’ खोटं.

किंमत. १८ हजार ही रक्कम त्या सत्तावन्नची आणि त्या ‘मराठा’ची आहे, फोटोची नाही. नावाशिवायचा पण पदकं स्पष्ट असलेला देशी अधिकारी ही चांगली वस्तू आहे. ती सारखी येत नाही, तेव्हा अगदी पाडूनही मागू नका. मी असतो तर निम्म्याच्या आत थांबलो असतो. प्रिंट फिका आहे का, चेहऱ्यावर डाग आहे का, यावर थोडं इकडेतिकडे. फितीवर टोफ्रेकची पट्टी किंवा मागे मोडीत नाव निघालं तर १८ हजारही मी खळखळ न करता दिले असते. त्यामुळे घासाघीस करताना विक्रेत्याला तारीख चुकल्याचं सांगायचं की नाही, हा तुमच्या स्वभावाचा प्रश्न. मी सांगतो. ओळखीचा माणूस असतो, पुढच्या वेळी चांगला माल आधी मला दाखवतो.

संग्रहाची सुरुवात मात्र या फोटोनं करू नका, असं मला वाटतं. घ्या जरूर, पण हात साधायला दुसरंच काहीतरी घ्या: हिंदुस्थानात चाकरी केलेल्या साध्या गोऱ्या शिपायांची कार्त-द-व्हिजिट. पुणे, खडकी, बेळगाव, अहमदनगर इथल्या छावण्यांतून त्यांनी घरी पाठवलेले फोटो इंग्लंडमध्ये अजून बरेच फिरतात आणि ऑनलाइन लिलावांत अनोळखी माणसाचा फोटो बहुधा दहा ते तीस पाउंडांत मिळतो. त्यांवर शिकणं सोपं जातं कारण तिकडच्या गणवेशांचं दस्तऐवजीकरण चोख आहे. १८८१ मध्ये ब्रिटिश पायदळ पलटणींचे आकडे जाऊन परगण्यांची नावं आली. बिल्ल्यावर आकडा म्हणजे बहुतेक त्याआधीचा. राणी जानेवारी १९०१ मध्ये गेली आणि त्यानंतर बिल्ल्यावरच्या मुकुटाचा आकार बदलला. आपल्या बाजूलाही अशा खुणा आहेत: १८८५ च्या सुमारास पलटणींच्या नावातला ‘नेटिव्ह’ गेला, १८९५ मध्ये तिन्ही इलाख्यांच्या फौजा एक झाल्या, आणि १९०३ मध्ये मुंबईच्या पलटणींच्या आकड्यात १०० मिळवले गेले. ३ री ती १०३ वी, १० वी ती ११० वी. खांद्यावर तीन आकडी संख्या दिसणारा देशी फौजी माणूस एकोणिसाव्या शतकातला नसतो, हे एवढं कळलं तरी अर्धा बाजार गाळून जातो.

पुढे विषय आवळायचा: एकच पलटण, किंवा एकच मोहीम, किंवा एकच छावणी. मुंबईच्या चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवर आणि पुण्यात बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात मन लावून फिरलात तर फोटो मिळतात. अल्बम सुटे करून विकणाऱ्यांकडून अख्खा अल्बम घेता आला तर घ्या, कारण शेजारच्या पानावरच्या माणसाच्या नावावरून आपल्या माणसाची पलटण निघते. सुटी पानं झाली की तो धागा कायमचा जातो. बाहेरून मागवताना जकातीची चौकशी आधी करा. इथून बाहेर पाठवायचा तर विचारच सोडा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांवरच्या ऐतिहासिक वस्तू येतात आणि त्या खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाहीत. परदेशातला कुणी गिऱ्हाईक ‘पाकिटात घालून टाका पोस्टात’ म्हणाला तर नाही म्हणा.

लॅमिनेशनचं उत्तर एका शब्दात: नको. उष्णतेनं अल्ब्युमेनचा थर तडकतो आणि प्लास्टिक पुन्हा काढता येत नाही. पुठ्ठ्यावरून प्रिंट सोडवू नका, ओल्या फडक्यानं पुसू नका, फाटलेल्या कडेला चिकटपट्टी लावू नका. मागचा खोटा मजकूरसुद्धा खोडू नका, खोडताना त्याच्याखालचं खरं काही जाईल. तुमची नोंद वेगळ्या कागदावर, पेन्सिलीनं. पुढची आणि मागची बाजू ६०० डीपीआयला तरी स्कॅन करा. ठेवायला पॉलिएस्टरचं पारदर्शक पाकीट आणि त्यामागे आम्लरहित कागद. स्टेशनरीच्या दुकानातली मऊ, वास येणारी पीव्हीसीची पाकिटं काही वर्षांत फोटोला चिकटतात. आपल्याकडे खरा शत्रू पावसाळा. अल्ब्युमेन दमट हवेतच फिका पडतो, कसर पुठ्ठ्यावरची खळ खाते, आणि कोकणात असाल तर बुरशी दोन आठवड्यांत धरते. लोखंडी कपाट, बाहेरच्या भिंतीपासून लांब, वरचा कप्पा, सिलिका जेलच्या पुड्या, आणि जून ते सप्टेंबर दर पंधरवड्याला कोरड्या दिवशी उघडून बघणं. पुड्या भट्टीत किंवा कढईत मंद आचेवर वाळवून पुन्हा वापरता येतात. भिंतीवर लावायचा मोह होतोच. तेव्हा स्कॅनवरून चांगली प्रत काढून तिला चौकट करा, आणि मूळ फोटो कपाटातच ठेवा.